मेलची प्रिंट फाइलला लावायची, की मूळ मेलच जपायचा?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. आवक-जावक रजिस्टर आजही टेबलावर असतं, पण रंगाची शेड, जीएसएम (चौरस मीटरमागे कापडाचं वजन, ग्रॅममध्ये), डिलिव्हरीची तारीख सगळं ठरतं मेलवर. वाद झाला की रजिस्टर कुणी मागत नाही, मेल मागतात.

मेल ज्याच्या खात्यात आला तिथेच राहू देणं सगळ्यात सोपं. आम्ही अनेक वर्षं तेच केलं. डिस्पॅच बघणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि सॅम्पलच्या मंजुऱ्या त्याच्या स्वतःच्या जीमेलमध्ये राहिल्या. पुढे खरेदीदार म्हणाला, ४५० जीएसएम ठरलं होतं, तुम्ही ४०० पाठवलं. मंजुरी ४०० लाच होती, पण दाखवणार काय? बिलातून रक्कम कापली गेली. जीमेलच्या ट्रॅशमधला मेल ३० दिवसांत जातो. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल बंद करून पुसू शकतं. हा मार्ग मी कुणालाच सुचवणार नाही.

राहिले दोन: प्रिंट काढणं, किंवा मूळ मेल फाइल म्हणून जपणं.

प्रिंटचे फायदे खरे आहेत. पीओप्रमाणे (म्हणजे खरेदीदाराच्या लेखी ऑर्डरप्रमाणे) बॉक्स फाइल लावली की वीज नसली तरी कागद हाताशी येतो, आणि ज्येष्ठ मंडळींना तीच सवय असते. पण प्रिंटमध्ये मेलचं अर्धंच अंग येतं. मेल कोणत्या सर्व्हरवरून, नेमका कधी निघाला हे हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या तांत्रिक नोंदीत असतं, ते कागदावर उतरत नाही. जोडलेली एक्सेल फाइल तर बहुतेक वेळा मागेच राहते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ७ सांगतं की इलेक्ट्रॉनिक नोंद मूळ स्वरूपात किंवा ती अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात ठेवावी, आणि ती कुठून कुठे, कधी गेली हेही कळावं.

कोर्टाचं म्हणाल तर जालन्याच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की मूळ यंत्रच हजर केलं नसेल, तर नुसत्या प्रतीला ती कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचं कलम ६३ लागू आहे. त्यानुसार या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला तिच्या ओळखीचा आकडाही, लिहावी लागते. मूळ मेलच नसेल तर हॅश कशाची काढणार?

म्हणून माझं मत मूळ मेलच्या बाजूने आहे. जीमेलमध्ये मेल उघडून तीन टिंबांवर दाबलं की तो डाउनलोड करता येतो. ईएमएल फाइल मिळते, हेडर आणि जोडपत्रांसकट. ती ऑर्डर क्रमांकाच्या फोल्डरमध्ये टाकायची, दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर. याला रोज दहा मिनिटं आणि एक जबाबदार माणूस लागतो. तो नसेल तर प्रिंट बरी, निदान ती लावायची सवय तरी आहे.

दोन-तीन माणसांचं ऑफिस असेल तर पीओ आणि सॅम्पल मंजुरीची प्रिंट काढा, बाकी सगळं ईएमएलमध्ये ठेवा. निर्यात असेल किंवा माणसं वरचेवर बदलत असतील, तर आधी फर्मच्या नावाचा मेल पत्ता घ्या, फोल्डर नंतर.

किती वर्षं ठेवायचं? जीएसटीच्या हिशेबाशी जोडलेले मेल वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, कंपनी असेल तर हिशेबाचे ८ वर्षं. दिवाळीच्या सुट्टीचे, जेवणाच्या डब्याचे मेल खुशाल पुसा. सरकारी कचेऱ्यांत अभिलेखांची अ, ब, क, ड वर्गवारी असते: ‘अ’ कायम जपायचे, ‘ड’ सगळ्यात लवकर काढून टाकायचे. आम्ही फोल्डरच्या नावापुढे तसंच एक अक्षर लावतो, आणि ‘ड’चे फोल्डर मार्चअखेरीस रिकामे करतो.