बी.पी.-शुगरवाल्यांचा व्यायामवर्ग, धरमपेठ, नागपूर: तीन महिने झाल्यावर लिहितेय

माझं वय ५४, बी.पी. आठ वर्षांपासून, शुगर बॉर्डरवर, आणि आईला ६१व्या वर्षी अटॅक आलेला म्हणून मी रोज सकाळी अंबाझरी तलावावर न चुकता चालायला जायची, मला वाटायचं आपलं सगळं बरोबर चालू आहे. इथं पहिल्याच दिवशी कळलं की अर्धंच चालू होतं.

त्या दिवशी व्यायाम नाहीच, नुसती मोजणी. बी.पी. घेतलं, गोळ्यांची यादी पाहिली, ई.सी.जी. मागितला. मग ३० मीटरच्या पॅसेजमध्ये सहा मिनिटं चालवलं, ४३० मीटर झाले, ते ठीक. पण हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायला मला १४ सेकंद लागले आणि हाताची पकड मोजायचं मशीन जीव खाऊन दाबलं तरी आकडा १५ किलो! फिजिओ मॅडम म्हणाल्या, ताई, आपल्या आशियाई बायकांमध्ये १८ च्या खाली म्हणजे ताकद कमी धरतात, उठायलाही १२ सेकंदांच्या आत जमायला पाहिजे. मी म्हटलं, बाप्पा, रोज पाच किलोमीटर चालते मी! तर त्या म्हणाल्या चालून स्टॅमिना वाढतो, तो पाहिजेच, पण वयाबरोबर स्नायू झिजतात ते नुसत्या चालण्यानं भरून निघत नाही, आणि जेवल्यावर रक्तातली साखर सगळ्यात जास्त स्नायूच ओढून घेतात, म्हणजे शुगरवाल्यांना तर डबल गरज.

घरी मुलानं शोधून दाखवलं, २०१५ साली लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात प्युअर नावाचा अभ्यास आला होता, १७ देशांतले जवळपास १ लाख ४० हजार लोक, त्यात भारतही, आणि पकड ५ किलोनं कमी असली की मृत्यूचा धोका १६ टक्के जास्त दिसला, बी.पी.च्या वरच्या आकड्यापेक्षाही पकडीवरून अंदाज चांगला येत होता. पण म्हणून रबरी रिंग दाबत बसू नका हं, पकड ही अख्ख्या अंगाच्या ताकदीची खूण आहे, वाढवायचं ते अख्खं अंग.

आठवड्यातून तीन दिवस क्लास. आधी वॉर्म-अप, मग सायकल, बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये इतक्या स्पीडनं, मग बँड, छोटे डंबेल, भिंतीवरचे पुशअप, शेवटी हळूहळू वेग कमी करत थांबायचं. मला सगळ्यात आवडलं ते हे की एकेकाकडे लक्ष देऊन राहतात. आमच्या बॅचमधले एक काका बीटा ब्लॉकर या बी.पी.-हार्टच्या गोळीवर आहेत, त्या गोळीनं ठोके हवे तितके वाढत नाहीत तर जास्तीत जास्त ठोके काढायचं २२० वजा वय हे गणित त्यांना चालत नाही, म्हणून भिंतीवर ६ ते २० चा तक्ता लावलाय, किती दमलात ते त्यावर सांगायचं. आणि वजन उचलताना श्वास रोखला की लगेच टोकतात, कारण त्यानं बी.पी. एकदम चढतं. याआधी मी एका जिममध्ये गेली होती, तिथं बी.पी. कोणी विचारलंसुद्धा नाही, श्वास रोखून उचला म्हणाले आणि चौथ्या दिवशी मला चक्कर आली.

तीन महिन्यांनी परत मोजलं: चालणं ४७५ मीटर, खुर्ची ११ सेकंद, पकड १७. अजून १८ नाही झाली, पण पाण्याची २० लिटरची कॅन आता मी एकटी सरकवते. बी.पी.ची गोळी तीच आहे, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी बंद करू नका.

दोन गोष्टी मात्र खटकतात. क्लास दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, हार्टवाल्यांच्या जागेला हे शोभत नाही, गुडघेवाल्या मावशी तर जिन्यातच बसतात. आणि सकाळी ६ ची बॅच कायम फुल्ल, नवीन माणसाला ११ ची देतात, मे महिन्यात आपल्या नागपूरच्या ४५ डिग्रीत व्यायाम करून भर दुपारी घरी कसं जायचं? मी मॅनेजरला सांगितलंय, उन्हाळ्यापुरती तरी संध्याकाळी ७ ची बॅच काढा, ते बघतो म्हणाले.