थार, जिम्नी की गुरखा? आधी कुळागराची चढण बघा

गोव्यात फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी, घ्यायची म्हटलं की डोळ्यांपुढे दोन चित्रं येतात. एक, दूधसागरच्या वाटेवर पाणी ओलांडणारी जीप. दुसरं, समुद्रकाठी वाळू उडवणारी थार. खरेदीच्या हिशेबातून ही दोन्ही आधी खोडा. कुळेहून दूधसागरला जाणाऱ्या वाटेवर स्थानिक जीपमालकांच्याच गाड्या चालतात, खासगी गाडी तिथं सोडत नाहीत आणि पावसाळ्यात त्या जीपही बंद असतात. किनाऱ्यावर गाडी घालणं तर बेकायदाच आहे, आणि भरतीच्या पाण्यात अडकलेली गाडी ओढायला कुणी फुकट येत नाही.

मग उरतं काय? सत्तरीतल्या कुळागराकडे (सुपारी-नारळाच्या बागेकडे) उतरणारी मातीची वाट, सांगे-काणकोणच्या बाजूला डोंगरउतारावरचं भाट (बागायती जमीन), चोर्ला नाही तर अनमोड घाट, आणि चिऱ्यांच्या गडग्यांमधून वळत जाणारे गावचे रस्ते. या चार ठिकाणी कुठली गाडी किती उपयोगी पडते, एवढंच बघायचं आहे.

मापं घेऊया. मारुतीची पाच दरवाजांची जिम्नी ३,९८५ मिमी लांब आणि १,६४५ मिमी रुंद. महिंद्राची तीन दरवाजांची थार लांबीला तेवढीच, पण रुंदीला १,८२० मिमी. पाच दरवाजांची थार रॉक्स ४,४२८ मिमी लांब आणि १,८७० मिमी रुंद. फोर्सची गुरखा रॉक्सइतकीच रुंद आणि उंचीला दोन मीटरच्या वर. जिम्नी आणि थार यांच्यातली १७-१८ सेंटिमीटर कागदावर किरकोळ वाटतात. दोन गडग्यांमधल्या रस्त्यावर समोरून टेम्पो आला की हीच सेंटिमीटरं ठरवतात, मागे कोण जाणार. गुरखावर कॅरियर लावला तर इमारतीखालच्या पार्किंगच्या तोंडाची उंची आधी टेपनं मोजा.

आता खरा प्रश्न, चढण. पहिल्या पावसानंतर जांभ्याची लाल माती साबणासारखी होते आणि उघड्या कातळावर शेवाळ धरतं. अशा ठिकाणी इंजिनाची ताकद फारशी कामाला येत नाही. हवेत उचललेलं चाक फुकट फिरत असताना जमिनीवरच्या चाकाला जोर मिळतो का, यावर सगळं अवलंबून असतं. तिघींनी हे तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी साधलं आहे.

डिफरन्शियल म्हणजे एका अक्षाच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारा गिअरसंच; तो लॉक केला की दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. जिम्नीला लॉक होणारं डिफरन्शियल नाही. फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्या बाजूला ढकलते. नवखा चालक इथं हमखास चुकतो. चाक फिरल्याचा आवाज आला की तो पाय उचलतो आणि ती यंत्रणा काम सुरू करायच्या आतच थांबते. एक्सलरेटर हलका पण कायम दाबून दोन-तीन सेकंद थांबायचं, मग गाडी चढते. थारच्या वरच्या डिझेल फोर-बाय-फोरमध्ये मागच्या अक्षावर यांत्रिक लॉक आहे. दोन चाकांच्या फेऱ्यांत बराच फरक पडला की कमी वेगात ते आपोआप 'ठक्' करून बसतं. आवाजाला घाबरू नका. रॉक्सच्या फोर-बाय-फोरला मागचं लॉक बटणानं लागतं. गुरखाला पुढचं आणि मागचं, दोन्ही लॉक चालकाच्या हातात. या तिघींत वाईट चढणीवर तिचाच हात वर. मात्र पुढचं लॉक लावून स्टिअरिंग वळवायचं नाही. गाडी सरळच जाऊ बघते आणि ताण पुढच्या सांध्यांवर येतो.

जिम्नीचा जमेचा मुद्दा दुसरीकडे आहे. पुढे-मागे दोन्हीकडे सलग अक्ष (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर), आणि वजन जेमतेम १,२०० किलो. एक चाक दगडावर चढलं की अक्षासकट डिफरन्शियलही वर उचललं जातं, म्हणून तिचा २१० मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स (बूड आणि जमीन यांतलं अंतर) थारच्या २२६ मिमीपुढे वाटतो तितका तोकडा पडत नाही. चिखलात ती रुतते कमी आणि रुतलीच तर चार गडी ढकलून काढतात. जड गुरखा रुतली तर ट्रॅक्टरच शोधावा लागतो.

हीच जिम्नी चोर्ला घाटात चार माणसं, सामान आणि एसी घेऊन चढताना दमते. १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद आणि १३४ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. ऑटोमॅटिक घेतली तर फक्त चार गिअर. थारचं २.२ लिटर डिझेल ३०० न्यूटन मीटर देतं, तिथं खालचा गिअर शोधत बसावं लागत नाही. गुरखाचं २.६ लिटर डिझेल २०२४ पासून १४० पीएस आणि ३२० न्यूटन मीटरचं आहे, पण गिअर हातानंच टाकायचे. दर आठवड्याला बेळगाव गाठणाऱ्यानं हा परिच्छेद वरच्यापेक्षा जड धरावा.

डिझेलबद्दल एक गोष्ट शोरूममध्ये क्वचितच कानावर पडते. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला इंजिन बराच वेळ चांगलं तापलेलं आणि चढ्या फेऱ्यांवर असावं लागतं. पर्वरी ते पणजी असा सहा-सात किलोमीटरचा रोजचा फेरा, तोही पुलावर रखडत, झाला तर फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केलं की गाडी ताकद कमी करून चालते. उपाय सोपा आहे : पंधरवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा तास सलग, एक गिअर खाली ठेवून चालवायची. तेवढंही जमणार नसेल तर पेट्रोल घ्या.

गाडी किती खोल पाण्यातून जाते, ते आकडेही नीट वाचा. थार ६५० मिमी, गुरखा ७०० मिमी हे आकडे संथ पाण्यासाठी आणि माणसाच्या चालीच्या वेगासाठी आहेत. जुलैतला व्हाळ (ओढा) संथ नसतो. गुरखाला कंपनीचाच स्नॉर्केल (इंजिनाची हवा वरून घेणारी नळी) असला तरी वाहतं पाणी गाडी बाजूला ढकलतं, तिथं स्नॉर्केल काय करणार? जिम्नी घेऊन गुडघ्याच्या वर पाण्यात शिरू नये. पाणी इंजिनात ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. बंद पडलेली गाडी पाण्यात पुन्हा सुरू करून बघितली तर दाव्यावरही पाणी. खोल पाणी ओलांडल्यावर डिफरन्शियलच्या तेलाचा थेंब बघा. दुधाळ कॉफीसारखा दिसला तर आत पाणी गेलंय, तेल लगेच बदला. जिम्नी आणि तीन दरवाजांची थार, दोघींना मागे ड्रम ब्रेक आहेत. त्यात लाल चिखल साचून सुकतो, म्हणून धुताना चाकांच्या आतून पाण्याचा फवारा मारून घ्या. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी बुडाखालचा गंजरोधक लेप दर पावसाळ्यापूर्वी तपासावा.

या गाड्यांचा फोर-बाय-फोर कोरड्या डांबरावर वापरायचा नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात, दोन अक्षांमध्ये डिफरन्शियल नसल्यानं तो ताण ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत) साठतो, स्टिअरिंग जड होतं आणि फोर-बाय-फोरचा दांडा अडकतो. अडकलाच तर सरळ रेषेत थोडं मागे-पुढे करा, सुटतो.

परीक्षणं वाचताना लिहिणाऱ्यानं गाडी कशासाठी घेतली ते आधी शोधा. परीक्षकानं गुण एका गाडीला द्यायचे आणि स्वतःचे पैसे दुसरीवर मोजायचे, हे या क्षेत्रात नवं नाही, आणि त्यात लबाडी असतेच असं नाही. गुण देताना माणूस चढण बघतो, पैसे देताना सर्व्हिस सेंटर, पुनर्विक्री आणि मागच्या सीटवरची माणसं बघतो. कंपनीनं तीन दिवस दिलेली गाडी चालवणाऱ्याला धुलाई, विमा, टायर यांतलं काहीच लागत नाही. पहिल्या महिन्यातल्या मालकाला आपला निर्णय बरोबर ठरवायचा असतो. २० हजार किलोमीटरनंतर त्याच मालकानं काय लिहिलंय ते शोधा. गुरखा घेणारा बहुधा लॉकसाठी घेतो आणि जड वळणं, कमी सर्व्हिस सेंटर आनंदानं सोसतो. त्याच्या लेखी तो दोष नाही, तुमच्या लेखी असू शकतो. थार घेणारे बरेच जण दिसण्यासाठी घेतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त ते मान्य करून घ्यावी.

मान्य केलं तर पैसेही वाचतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून १,५०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतल्या डिझेल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे. त्यामुळे १.५ लिटर डिझेलची, फक्त मागची चाकं ओढणारी थार या पट्ट्यात बसते. जिम्नी लहान असूनही तिचं पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या वर, म्हणून तिला ४० टक्के. विक्रेता 'थार' म्हणतो तेव्हा दोनच चाकं ओढणारी की चारही, हे स्पष्ट विचारा. वाट खडबडीत असली तरी पाण्या-चिखलाची नसेल तर ती दोन चाकांचीच पुरे. आमच्या मते गोव्यातल्या बऱ्याच खरेदीदारांना उंच गाडी हवी असते, फोर-बाय-फोर नव्हे.

घरात वयस्कर असतील तर तीन दरवाजांची थार बाद. पुढची सीट दुमडून मागे चढणं साडी नेसलेल्या आईला जमणार नाही. रॉक्स तिथं सोयीची, आणि भारत एनकॅप या अपघात-चाचणीत तिला पाच तारे आहेत. फक्त फिकट रंगाची सीट घेऊ नका, लाल माती एका मोसमात तिची रया घालवते.

जुनी घेताय तर आरसीवरचा इतिहास बघा. भाड्यानं दिलेल्या, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या थार पुढे खासगी नोंद होऊनही विकायला येतात. गालिचा उचलून वाळू शोधा, सीटच्या पट्टीचा गंज बघा, मग मोकळ्या मातीवर लो रेंज (मंद पण जास्त जोराचा गिअर) लावून चारही चाकं ओढतात का ते चालवून बघा.