जळगाव-धुळे-नंदुरबार: ड्रॉइंग फायलींसाठी सिंकथिंग कितपत चालतं

जळगावला मुख्य ऑफिस, धुळ्याला स्ट्रक्चर पाहणारे दोघं, नंदुरबारला सर्व्हेची टीम. खान्देशातल्या बऱ्याच आर्किटेक्ट-कन्सल्टंटांचं बस्तान असंच पसरलेलं असतं आणि ड्रॉइंगची देवाणघेवाण व्हॉट्सॲपवर चालते. मग ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल साहेबांनी पाहिलेली’ अशा चार फायली तिन्ही गावांत फिरतात. साइटवर सळई बांधायची वेळ आली की यातली खरी कोणती, यावर फोनाफोनी सुरू होते. यावरचा फुकट इलाज म्हणून सिंकथिंगचं, म्हणजे वेगवेगळ्या संगणकांवरची फोल्डर आपोआप एकसारखी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, नाव हमखास निघतं.

निकाल आधीच सांगून टाकू. एका ड्रॉइंगवर एकच हात फिरणार असेल तर सिंकथिंग झकास. एकाच डीडब्ल्यूजीवर (ऑटोकॅडच्या ड्रॉइंग फाइलवर) दोन गावांतली दोन माणसं बसणार असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

सिंकथिंग मुक्त स्रोत आहे, २०१३ पासून चालू आहे, महिन्याचं भाडं नाही. फायली कुणाच्या क्लाउडवर ठेवल्या जात नाहीत, तुमच्याच संगणकांमध्ये थेट जातात, त्याही एन्क्रिप्ट होऊन. प्रत्येक मशीनला सात-सात अक्षरांच्या आठ गटांचा आयडी मिळतो. तो दुसऱ्या मशीनवर टाकायचा, तिकडून होकार द्यायचा, फोल्डर शेअर करायचं. आयडीत तपासणीची अक्षरं असल्याने टायपिंगची चूक तिथेच पकडली जाते. सगळा कारभार ब्राउझरमध्ये, पोर्ट ८३८४ वर. त्याला पासवर्ड घालायला विसरू नका. विंडोजवर सर्व्हिस म्हणून बसवा, म्हणजे सकाळी कुणी लॉगिन केलं नाही तरी चालू राहतं.

फाइलचे १२८ केबी ते १६ एमबीचे तुकडे पाडून फक्त बदललेले तुकडे पाठवायचे, ही त्याची पद्धत. डीडब्ल्यूजीला त्याचा फायदा कमीच मिळतो, कारण ती आतून कॉम्प्रेस केलेली असते आणि पूर्ण सेव्ह झाली की बरेचसे तुकडे बदलतात. म्हणून अख्खी फाइल जाणार असंच धरून हिशोब करा: ८ एमबीचं ड्रॉइंग १० एमबीपीएस अपलोडवर साधारण सात सेकंद. एवढं कुणालाही परवडतं. अडतं ते दुसरीकडेच.

ऑफिसातल्या शेअर फोल्डरमधली फाइल दुसऱ्याने उघडली की ऑटोकॅड सांगतं, फाइल वापरात आहे, रीड-ओन्ली उघडू का? ते कुलूप विंडोज लावतं आणि ते त्या एका डिस्कवरच्या फाइलपुरतं असतं. ड्रॉइंगशेजारी उगवणाऱ्या डीडब्ल्यूएल आणि डीडब्ल्यूएल२ या फायली म्हणजे कुणी उघडलंय त्याची नुसती चिठ्ठी. हूहॅज कमांड तीच वाचते. चिठ्ठी धुळ्याला पोचली म्हणून कुलूप पोचत नाही.

समजा, जळगावने ११ वाजता प्लॅन उघडला आणि धुळ्याने ११:२० ला आपल्याकडची तीच फाइल उघडली. जळगावने ११:४० ला सेव्ह केलं. फाइल धुळ्याला आली खरी, पण तिथे ऑटोकॅडने ती धरून ठेवलेली, त्यामुळे विंडोज ती बदलू देत नाही. सिंकथिंगच्या पानावर ‘फेल्ड आयटम्स’ समोर एक आकडा चढतो, जो कुणी बघत नाही. १२ वाजता धुळ्याने सेव्ह केलं. झाल्या दोन वेगळ्या फायली. सिंकथिंग त्यातली एकही पुसत नाही. जिची बदलाची वेळ जुनी, तिच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’, तारीख, वेळ आणि मशीनच्या आयडीचा तुकडा घालून ती शेजारी ठेवून देतं. म्हणजे जळगावने हलवलेले कॉलम त्या लांबलचक नावाच्या फायलीत, आणि मूळ नावाखाली धुळ्याची फाइल. प्रिंट अर्थातच मूळ नावाची निघते.

आणखी एक मेख आहे. ही ‘जुनी वेळ’ मशीनच्या घड्याळावरून ठरते. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल उतरला असेल आणि लाइट जाऊन आल्यावर संगणक दोन-चार वर्षं मागे जाऊन बसला, तर आजचं काम जुनं ठरून बाजूला पडतं. किरकोळ किमतीचा सेल आहे. सिंकथिंग बसवायच्या आधी सगळ्या मशीनचे बदलून घ्या आणि विंडोजची वेळ इंटरनेटवरून घ्यायला लावा. कॉन्फ्लिक्ट पडलाच तर घाईने कुठलीही फाइल डिलीट करू नका. ऑटोकॅड २०१९ पासून कम्पेअर कमांड आहे. दोन्ही फायली एकमेकींवर टाकून फरक बघा, मग हाताने उतरवा.

‘उघडण्याआधी ग्रुपवर टाकत जा रे’ असं बजावून हे थांबत नाही. पहिला आठवडा सगळे ‘घेतली’, ‘सोडली’ टाकतात, नंतर बिलाची तारीख जवळ आली की विसरतात. त्यापेक्षा फोल्डरच असे मांडायचे की चूक करताच येऊ नये. प्रत्येक प्रोजेक्टचं एक मूळ फोल्डर, त्यात चार उपफोल्डर: ००_कॉमन, ०१_आर्किटेक्चर, ०२_स्ट्रक्चर, ०३_सर्व्हे. सिंकथिंगमध्ये मूळ फोल्डर जोडायचं नाही, हे चारही वेगवेगळे जोडायचे. आर्किटेक्चर जळगावला ‘सेंड ओन्ली’ (फक्त पाठवणारं), बाकी दोन्हीकडे ‘रिसीव्ह ओन्ली’ (फक्त घेणारं). स्ट्रक्चर धुळ्याला सेंड ओन्ली, सर्व्हे नंदुरबारला. कॉमनमध्ये टायटल ब्लॉक, सीटीबी (प्रिंटमधल्या रेषांची जाडी ठरवणारी फाइल) आणि ऑटोकॅडचे एसएचएक्स फॉन्ट. तेही एकाच ऑफिसच्या ताब्यात. धुळ्याला प्लॅन लागतो तो एक्सरेफ म्हणून, म्हणजे आपल्या ड्रॉइंगला बाहेरून जोडलेलं ड्रॉइंग म्हणून, आणि चारही फोल्डर एकाच मुळाखाली असल्याने रिलेटिव्ह पाथ (ड्रॉइंगच्या जागेपासून मोजलेला फाइलचा पत्ता) तिन्ही गावांत तसाच लागू पडतो.

रिसीव्ह ओन्ली म्हणजे तिथे फाइल बदलता येत नाही असा समज करून घेऊ नका. बदलता येते, फक्त तो बदल बाहेर जात नाही. फोल्डरसमोर ‘लोकल चेंजेस’ दिसतात आणि ‘रिव्हर्ट’चं बटण उगवतं. ते दाबलं की तिथले बदल जातात आणि तिथे नव्याने ठेवलेल्या फायलीही पुसल्या जातात. एखाद्याने आपली नवी डिटेल शीट चुकून तिथे ठेवली असेल तर तीही त्यात गेली. म्हणून विंडोजच्या परवानग्यांतच ड्राफ्ट्समनच्या लॉगिनला त्या फोल्डरवर फक्त वाचायचा हक्क द्या आणि सिंकथिंग वेगळ्या खात्यावर चालवा. ऑटोकॅड मग आपोआप रीड-ओन्ली उघडतं. सेंड ओन्लीकडचं ‘ओव्हरराइड’ बटणही असंच: समोरच्याकडचं काहीही असो, माझंच खरं. ते एकाच जबाबदार माणसाने दाबावं.

एक्सरेफसाठी दोन सेटिंग. रेफपाथटाइप १ ठेवा, म्हणजे रिलेटिव्ह. ऑटोकॅड २०१८ पासून तेच डीफॉल्ट आहे, पण जुन्या ड्रॉइंगांत पूर्ण पाथ घुसलेले असतात. ते रेफरन्स मॅनेजरने एकदम बदलता येतात. दुसरं एक्सलोडसीटीएल. ते २ असेल तर ऑटोकॅड एक्सरेफची तात्पुरती प्रत उघडतं. कुणी १ करून ठेवलं असेल तर मुख्य ड्रॉइंग उघडं असेपर्यंत एक्सरेफची मूळ फाइल अडकून राहते आणि सिंकथिंगला ती बदलता येत नाही. ‘नवा प्लॅन आलाच नाही’ अशी तक्रार एकाच मशीनवरून येत असेल तर आधी हे तपासा. एक्सरेफनोटिफाय २ असलं की फाइल बदलल्याचा फुगा येतो. त्यावर रीलोड करायचं, बंद करून पुन्हा उघडायची गरज नाही.

मराठी मजकूर ही आपल्याकडची खास डोकेदुखी. टायटल ब्लॉकमध्ये ‘गट नंबर’, ‘मौजे’, ‘ता. शहादा’ हे कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाईप केलेलं असतं. तो फॉन्ट दुसऱ्या ऑफिसात नसला की तिथे इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. एसएचएक्स फॉन्टचं फोल्डर ऑटोकॅडच्या सपोर्ट पाथमध्ये जोडलं की भागतं. टीटीएफ, म्हणजे विंडोजचा नेहमीचा फॉन्ट, मात्र प्रत्येक विंडोजमध्ये बसवावाच लागतो. सिंकथिंग तो बसवून देत नाही. नव्या कामाला निर्मला युआयसारखा युनिकोड फॉन्ट धरा, तो विंडोजसोबतच येतो. प्लॉटचंही तसंच: सीटीबी एकच नसेल तर जळगावला जाड दिसणारी भिंत नंदुरबारच्या प्रिंटमध्ये केसासारखी येते. फायलींची नावं मात्र इंग्रजी अक्षरांत आणि आखूड ठेवा.

काय पाठवायचं नाही, हे इग्नोर पॅटर्नमध्ये लिहायचं: डीडब्ल्यूएल, डीडब्ल्यूएल२, बीएके, एसव्ही डॉलर, एसी डॉलर, प्लॉट लॉग. डीडब्ल्यूएल अशासाठी की ऑटोकॅड क्रॅश झालं की ती मागे राहते आणि दुसऱ्या गावात खोटीच चिठ्ठी लावून ठेवते. बीएके म्हणजे आधीच्या सेव्हची प्रत; ती पाठवली तर प्रत्येक सेव्हला आणखी एक फाइल सिंक करावी लागते. गंमत अशी की ही यादी स्वतः सिंक होत नाही. प्रत्येक मशीनवर लिहा, नाहीतर कॉमन फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल ठेवून ती इन्क्लूड करा.

जुन्या आवृत्त्यांबाबत बहुतेक जण फसतात. सिंकथिंगचं व्हर्जनिंग (जुन्या प्रती ठेवायची सोय) फक्त दुसरीकडून आलेल्या बदलांना लागू होतं. जळगावच्या माणसाने स्वतःच्या मशीनवर चुकीचं काही सेव्ह केलं, तर जुनी प्रत जळगावला सापडणार नाही. ती धुळ्याला किंवा नंदुरबारला असेल, तीही तिथे व्हर्जनिंग चालू असेल तरच. म्हणून ते घेणाऱ्या टोकांवर चालू करा, प्रकार ‘स्टॅगर्ड’. पहिल्या दिवसात तासाला एक, पहिल्या महिन्यात दिवसाला एक, पुढे आठवड्याला एक प्रत राहते; मुदत डीफॉल्टने ३६५ दिवस. याला बॅकअप म्हणू नका. तो वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क काढून ठेवलेली.

आता नेटची बाजू. बऱ्याच घरगुती फायबर आणि फोर-जी कनेक्शनवर स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता, नसतो. दोन्ही टोकं तशी असली आणि आयपीव्ही६ ही नसलं तर सिंकथिंग रिलेमार्फत, म्हणजे मधल्या एका सर्व्हरवरून, जातं. सुरक्षित असतं, पण वेग बैलगाडीचा. मशीनच्या नावाशेजारी ‘रिले’ दिसलं की समजायचं. तिन्हीकडे स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घ्यायची गरज नाही. एकट्या जळगावला घेऊन राउटरवर २२००० हा पोर्ट, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, उघडला की धुळे आणि नंदुरबार त्याला थेट लागतात आणि आपापसातलंही त्याच्याकडून घेतात. महामार्गाच्या कामात जेसीबीने केबल तोडली तर मोबाइलच्या नेटवर रिलेने रडतखडत चालेल, पण थांबणार नाही.

पहिली भरणी मात्र नेटवरून करू नका. १२० जीबीचं जुनं काम १० एमबीपीएसवर सव्वीस-सत्तावीस तास घेतं, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर. बाहेरच्या डिस्कवर विंडोजच्या रोबोकॉपी कमांडने कॉपी करा, म्हणजे फायलींची वेळ तीच राहते, आणि डिस्क एसटीने धुळ्याला न्या. तिथे फोल्डर जागेवर ठेवून मगच सिंकथिंगमध्ये जोडायचं. ते हॅश (फाइलच्या मजकुराची ओळख-खूण) काढून ताडून घेतं. ड्रोनचे जिओटिफ आणि पॉइंट क्लाउड अशा सर्व्हेच्या अवजड फायलींचं फोल्डर वेगळं ठेवा आणि ते दिवसा पॉज करून रात्री सोडा. नाहीतर सातपुड्यातल्या एका सर्व्हेचं ६ जीबीचं चित्र पाठवताना ड्रॉइंगं रांगेत तिष्ठत बसतात. ड्रॉइंगांच्या फोल्डरला ‘पुल ऑर्डर’ ‘न्यूएस्ट फर्स्ट’ करा. मुळात तो रँडम असतो.

कुणी घेऊ नये? रेव्हिटची (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरची) सगळ्यांनी मिळून वापरायची सेंट्रल फाइल असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. तिथे रेव्हिट सर्व्हर किंवा ऑटोडेस्कचं क्लाउड वर्कशेअरिंगच हवं. एका प्लॅनवर दोन गावांतून काम करणं टळतच नसेल तर फाइल जळगावलाच ठेवून धुळ्याच्या माणसाला रिमोट डेस्कटॉपवर बसवा; कुलूप आपोआप लागतं. ऑटोडेस्क डॉक्समध्ये डेस्कटॉप कनेक्टरमधून फाइल लॉक करता येते, पैसे मोजायची तयारी हवी. पॅन्झुरासारखे ग्लोबल लॉकिंग (सगळ्या गावांत एकच कुलूप) देणारे आहेत, पण तीन खोल्यांच्या ऑफिसला ते म्हणजे शेजारच्या गल्लीत जायला बस भाड्याने घेणं.

२०२५ मध्ये आलेल्या सिंकथिंगच्या २.० आवृत्तीने आतला डेटाबेस बदलून एसक्यूलाइट केला. जुन्यावरून चढवताना मोठ्या फोल्डरना पहिल्यांदा बराच वेळ लागतो. शनिवारी संध्याकाळी करा, टेंडर भरायच्या दिवशी नको.

हार्डवेअरला ८ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप आणि दोन डिस्क पुरतात. छोटा नॅस (नेटवर्कला जोडायची डिस्कपेटी) घेतलात तर त्याच्या कागदावरची तापमानाची मर्यादा वाचा. बऱ्याच छोट्या नॅसना ती ४० अंश असते आणि जळगावला मे महिन्यात बाहेरच ४४-४५ असतं. संध्याकाळी एसी बंद करून शटर ओढलं की आतली खोली रात्रभर तापलेली राहते, आणि नेमकं तेव्हाच रात्रीचं मोठं सिंक चालू असतं. तो प्लायच्या बंद कपाटात कोंबू नका, पत्र्याच्या माळ्यावर तर नकोच. खाली, भिंतीपासून वीतभर सुटा, आणि यूएसबीने जोडलेल्या यूपीएसवर, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरी संपायच्या आत तो स्वतःहून नीट बंद होईल.