अर्धशिशीसाठी अ‍ॅक्युपंक्चर: बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

माझी अर्धशिशी कॉलेजपासूनची. उजव्या भुवईच्या वर ठणका सुरू होतो, डोळ्यामागून मानेपर्यंत उतरतो, उजेड सहन होत नाही, कुकरची शिट्टी थेट डोक्यात घुसते आणि उलटी होईपर्यंत सुटका नसते. गेल्या वर्षी हे आठवड्यातून दोन-तीनदा व्हायला लागलं, तेव्हा इथे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमध्ये, मी अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे अंगावर ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचायचा चिनी उपचार, सुरू केलं. आता बरेच महिने झालेत. मैत्रिणी विचारतात, पुण्याहून नातेवाईक विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते. आधीच सांगते, सुयांचा मला फायदा झाला आणि मी त्या चालू ठेवणार आहे. त्यासोबत मिळालेले चिनी काढे मात्र मी थांबवले, आणि ते का थांबवले हे मला जास्त तपशिलात सांगायचंय.

हा मार्ग मी डॉक्टरांना डावलून धरलेला नाही. माझ्या न्यूरॉलॉजिस्टनेच तो सुचवला. डोकं चढलं की मी सुमाट्रिप्टान घेत होते आणि ती गोळी गुणकारीच आहे. पण या गटातली औषधं महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस घेत राहिलं तर औषधामुळेच डोकेदुखी जडते. मी त्या उंबरठ्यावर होते. म्हणजे दुखणं मुळात कमी वेळा यावं यासाठी काहीतरी हवं होतं. प्रोप्रॅनोलॉल मला चालत नाही, कारण लहानपणापासून दमा आहे. टोपिरामेट घेऊन पाहिलं, तर बोटांना सतत मुंग्या, आणि मीटिंगमध्ये साधे शब्द आठवेनात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या 'नाइस' या संस्थेने 2012 मध्ये नेमकं हेच म्हटलं होतं: ही दोन औषधं चालत नसतील किंवा लागू पडत नसतील तर पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत वेळा अ‍ॅक्युपंक्चर करून पाहावं. डॉक्टरीणबाईंनी मला तो कागदच दाखवला.

कॅलिफोर्नियात अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्याला राज्याचं लायसन्स लागतं आणि ते चालू आहे की नाही हे राज्याच्या अ‍ॅक्युपंक्चर बोर्डाच्या संकेतस्थळावर नाव टाकून कुणालाही पाहता येतं. मी तसंच पाहून गेले. ज्यांच्याकडे जाते त्या बाई मूळच्या तैवानच्या, साठीच्या आसपासच्या, मोजकं बोलणाऱ्या. पहिल्या भेटीत सुई लागली ती अगदी शेवटी. त्याआधी तासभर प्रश्न. झोप कशी, शौचाला कसं, पाळीच्या आधी दुखतं की नंतर, तहान लागते ती गार पाण्याची की गरम, राग आला की पोटात काय होतं. मग जीभ बघितली: रंग, कडांवर दातांचे व्रण आहेत का, वरचा थर पांढरा की पिवळा. मग नाडी. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून, आधी हलकी, मग दाबून, बराच वेळ. माझ्या आजोळी एक वैद्य येत, त्यांचीही तीन बोटं मनगटावर अशीच पडायची, त्यामुळे मला हे परकं वाटलं नाही. फक्त आपले वैद्य वात-पित्त-कफ सांगतात, या बाईंनी 'यकृताची ऊर्जा अडून वर चढते' असं निदान दिलं. माझ्या रक्ततपासणीत यकृत ठणठणीत आहे. त्यांच्या शास्त्रातलं यकृत म्हणजे पोटातला तो अवयव नव्हे, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, ते मला आवडलं.

आता सुयांबद्दल, कारण सगळ्यांना भीती तिचीच असते. सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची. इन्सुलिनची बारीक सुई साधारण तेवढीच असते, पण ती आतून पोकळ, ही भरीव. म्हणून रक्त सहसा येत नाही. ती एका छोट्या प्लॅस्टिकच्या नळीतून येते. नळी कातडीवर टेकवायची, वर डोकावणाऱ्या सुईच्या टोकाला बोटाने एक टिचकी, नळी काढून घ्यायची. टिचकी इतकी झटपट असते की टोचलेलं अनेकदा कळतच नाही. ही नळीची युक्ती सतराव्या शतकातल्या सुगियामा वाइची या जपानी वैद्याची. ते अंध होते. सुई कुठे लागते ते डोळ्यांनी न बघता हाताला कळावं म्हणून त्यांनी ती वापरात आणली आणि आज डोळस लोकही तीच वापरतात. सुया एकदाच वापरायच्या, निर्जंतुक केलेल्या, कागदी पाकिटातून समोर फोडलेल्या. वापरलेली सुई लगेच लाल डब्यात.

खरी गंमत टोचण्यात नाही, त्यानंतर आहे. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात 'हेगु' नावाचा बिंदू आहे. तिथे सुई गेल्यावर बाई ती बोटात धरून किंचित फिरवतात. क्षणभर काही नाही, मग तळहातात जडसर, बोथट कळ पसरते. कोपर आपटल्यावर येते तशी झिणझिणी, पण मवाळ. तिला ते 'दे-ची' म्हणतात, आणि ती आली का हे बाई दर वेळी विचारतात. 'आली' म्हटलं की तिथून हात काढतात. पायावर अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या हाडांमध्ये 'ताइचोंग', मानेमागे कवटीच्या खालच्या खोबणीत 'फेंगची', गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर 'झूसानली'. ही चार बोटं मापकाची नसतात, ज्याच्या त्याच्या हाताची असतात. मग दिवा मंद, आणि अर्धा तास पडून राहायचं. फोन बाहेर. बहुतेक वेळा मला गाढ झोप लागते.

फरक पडायला वेळ लागला. पहिले काही आठवडे दुखणं तसंच होतं आणि एकदा तर घरी येताना गाडीतच सुरू झालं. साधारण दीड महिन्यानंतर वहीत फरक दिसायला लागला. (डोकेदुखीची वही ठेवाच. कधी सुरू झालं, किती तीव्र, कोणती गोळी घेतली. आठवणीवर विसंबून राहिलं तर बरं वाटल्याचा आणि न वाटल्याचा, दोन्ही हिशेब चुकतात.) हळूहळू दुखणं आठवड्यावरून महिन्यातून दोन-तीनदा येऊ लागलं. गोळ्या खूप कमी झाल्या. पाळीच्या आदल्या दिवशीचं मोठं दुखणं मात्र हललं नाही. ते अजूनही येतं, तेवढंच येतं, आणि त्याला सुमाट्रिप्टानच लागतं.

हे सुयांनी झालं की नुसतं विश्वासानं? मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, म्हणून मी वाचून काढलं. 2016 मध्ये वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने अर्धशिशीवरच्या 22 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, जवळपास 5,000 रुग्णांचा. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत 100 पैकी 17 जणांची दुखणी निम्म्यावर आली, सोबत अ‍ॅक्युपंक्चर घेणाऱ्यांत 41 जणांची. हा फरक मोठा आहे. पण जिथे काही रुग्णांना खोट्या सुया दिल्या, म्हणजे भलत्याच जागी किंवा कातडीच्या आत न जाणाऱ्या, तिथे आकडे खऱ्या सुयांचे 50 आणि खोट्यांचे 41 असे आले. फरक उरतो, पण छोटा. जर्मनीत कंबरदुखीवर झालेल्या, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तर खऱ्या सुयांनी 47.6 टक्के, खोट्यांनी 44.2 टक्के आणि नेहमीच्या उपचारांनी 27.4 टक्के लोकांना गुण आला.

यावरून मी माझ्यापुरता जो अर्थ लावला तो असा. सुई नेमक्या त्याच बिंदूत पडण्याचं महत्त्व सांगितलं जातं त्यापेक्षा पुष्कळ कमी असावं, आणि शरीरभर वाहणाऱ्या 'ची' नावाच्या ऊर्जेच्या चौदा वाहिन्या मला पटत नाहीत. पण नेहमीच्या उपचारांपेक्षा लोकांना जास्त बरं वाटतं हे दोन्ही अभ्यासांत स्पष्ट दिसतं. दर आठवड्याला कुणीतरी तासभर तुमच्या दुखण्याची नीट चौकशी करतं, अंधाऱ्या खोलीत पडायला लावतं, मानेचे आखडलेले स्नायू सुईने सैल करतं, याचं काहीच मोल नसेल असं मी म्हणणार नाही. वीस वर्षं दुखणं सोसलेल्या माणसाला कारण शंभर टक्के सिद्ध होईपर्यंत थांबायला सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. धोका कमी असेल तर करून पाहावं.

आणि सुयांचा धोका कमी आहे म्हणूनच काढ्यांबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तिथे तो तितका कमी नाही. बाईंनी मला 'शियाओ याओ सान' नावाची पूड दिली होती. सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यात विरघळवून घ्यायची, चव कडवट-गोडसर. त्यात पुदिना, आलं, ज्येष्ठमध अशी आपल्या ओळखीची मंडळी आहेत, म्हणून घरी सगळ्यांना ती निरुपद्रवी वाटली. पण ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. त्यातलंच 'दांग ग्वेइ' हे मूळ वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांना चालत नाही. डोकेदुखीवरच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध चिनी मिश्रणात 'शी शिन' नावाची वनस्पती असते, आणि तिच्या कुळात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल सापडतं. हे आम्ल मूत्रपिंड निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही घडवतं. 1990 च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी हे आम्ल असलेली दुसरीच आली, आणि कितीतरी तरुण बायकांची मूत्रपिंडं गेली. कुणी विष घालायला निघालं नव्हतं, नावांचा आणि मालाचा घोळ झाला होता.

चिनी वनस्पतींत दम नाही असं मी मुळीच म्हणत नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन 'चिंगहाव' या वनस्पतीतून निघालं आणि त्यासाठी चिनी संशोधक तू योयो यांना 2015 चं नोबेल मिळालं. पण तिथे नेमका घटक वेगळा काढला, मात्रा ठरवली, चाचण्या झाल्या. माझ्या पुडीच्या डब्यावर प्रत्येक घटक किती आहे हेसुद्धा नव्हतं. मी ती यादी न्यूरॉलॉजिस्टला दाखवली, आम्ही दोघींनी विचार केला आणि मी पूड बंद केली. बाईंना सांगितलं, त्यांनी शांतपणे मान्य केलं. पूड बंद झाल्यावरही वहीतला फरक टिकला, म्हणून माझं श्रेय सुयांनाच.

मोक्साही एकदोनदा झालं: वाळवलेल्या पाल्याची जळती कांडी कातडीजवळ धरून शेक देतात. तो पाला आपण जोतिबाला वाहतो त्या दवण्याच्याच जातकुळीतला. छान ऊब लागते, पण दम्याला धूर नको म्हणून सोडलं. पाठीवर तुंबड्याही लावल्या. आठवडाभर गोल काळेनिळे वळ राहिले आणि डोक्याला काही फरक पडला नाही.

सुयांचा त्रास म्हणाल तर अधूनमधून छोटा काळानिळा डाग, आणि एकदा उपाशीपोटी गेले तेव्हा घेरी आली. काहीतरी खाऊन जा. खांद्याच्या वर, मान आणि दंडाच्या मध्ये एक बिंदू आहे, 'ज्येनजिंग'. अर्धशिशीवाल्यांना तो हमखास सुचवला जातो. त्याच्या खाली फुप्फुसाचं टोक असतं आणि तिथे सुई खोल गेली तर फुप्फुसातली हवा छातीत सुटू शकते. क्वचित होतं, पण होतं. मी तिथे नको म्हणून सांगितलंय. सुयांनंतर छातीत दुखलं किंवा धाप लागली तर सरळ इमर्जन्सीत जा. गरोदर असाल तर आधीच सांगा, 'हेगु'सारखे काही बिंदू तेव्हा टाळतात.

बाईंच्या आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली होती. तिथे पहिल्याच फोनवर वर्षभराचं पॅकेज आगाऊ भरायला सांगितलं आणि दुखणं मुळापासून जाईल अशी खात्री दिली. मी फोन ठेवला. खर्च इथे कमी नाही, विम्यातून काही भाग निघतो. तुमच्या पॉलिसीत किती वेळा आणि कोणत्या दुखण्यासाठी मिळतं हे आधी विचारून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी: मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी विमा, जानेवारी 2020 पासून फक्त जुनाट कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे देतं, 90 दिवसांत 12 वेळा, आणि सुधारणा असेल तर आणखी 8.

महाराष्ट्रात कुणी विचार करत असेल तर तिथेही आता या उपचाराला स्वतंत्र कायदा आहे आणि महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषद आहे. केंद्र सरकारनेही 2019 मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. भारतात ही पद्धत आली त्या वाटेवर आपलं सोलापूरही आहे. 1938 मध्ये चीनला गेलेल्या ज्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, त्याच पथकातले डॉ. बिजय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन हे शिकले आणि त्यांनी कोलकात्यात ते रुजवलं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आता मी महिन्या-दीड महिन्यातून एकदा जाते. पाळीच्या दुखण्यासाठी न्यूरॉलॉजिस्टने वेगळं औषध सुरू करायचं ठरवलंय, त्याचा अनुभव अजून यायचाय. पुण्यात आईच्या कंबरेसाठी कुणीतरी बघतेय. मणक्याचा एमआरआय झालाय, ऑपरेशनची गरज नाही असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून हा विचार. परिषदेकडे नोंदणी असलेलं, सुयांचं पाकीट समोर फोडणारं आणि तिची रक्तदाबाची गोळी बंद करायला न सांगणारं कोणी कोथरूड-कर्वेनगरकडे माहीत असेल तर जरूर कळवा.