ऑर्थोच्या फायनलसाठी काय वाचावं, कशावर पैसे घालावेत

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. ऑर्थोबुलेट्स (हाडांच्या शाखेची अभ्यासाची वेबसाइट) रोज वाचा, पण त्याचा पैसे भरून मिळणारा प्रश्नसंच पहिल्या वर्षात घेऊ नका. एओ सर्जरी रेफरन्स (फ्रॅक्चरच्या उपचारांची साइट) मात्र आजच मोबाइलवर उघडून ठेवा. ते फुकट आहे.

मी सोलापुरात एमएस ऑर्थो (हाडांच्या शाखेचं पदव्युत्तर शिक्षण) करते आहे, फायनल तोंडावर आली आहे. ज्युनियर सतत हेच विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

ऑर्थोबुलेट्सची खरी ताकद मांडणीत आहे. कुठलाही विषय उघडा. कारणं, अ‍ॅनाटॉमी, वर्गीकरण, एक्स-रे, उपचार, गुंतागुंत हे ठरलेल्या क्रमाने समोर येतं. रात्री कॅज्युअल्टीत फीमर नेकचा (मांडीच्या हाडाची मान मोडलेला) पेशंट आला, की सरांना फोन लावायच्या आत त्या फ्रॅक्चरचं गार्डनचं वर्गीकरण नजरेखालून घालता येतं. प्रश्नसंच मात्र अमेरिकेतल्या ऑर्थो शिकणाऱ्या रेसिडेंटच्या ओआयटीई परीक्षेच्या धर्तीवरचा, सगळा बहुपर्यायी. आपल्याला नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे चार लेखी पेपर द्यायचे असतात. पुढे लाँग केस, शॉर्ट केस (पेशंट तपासून परीक्षकांसमोर मांडायचा) आणि हाडं, एक्स-रे, इम्प्लांट मांडलेली टेबलं. चार पर्यायांतून उत्तर ओळखणाऱ्याला कोऱ्या पानावर पर्थेस या लहान मुलांच्या खुब्याच्या आजाराचं उत्तर मुद्देसूद उतरवता येईलच असं नाही. ती सवय हाताने लिहूनच लागते.

आणि केसेस? आपल्या वॉर्डात अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून, थेट सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या इंडीकडून पेशंट येतात. हिस्टरी कित्येकदा कन्नडमधून, शहराच्या पूर्व भागातल्या आजी असतील तर तेलुगूतून घ्यावी लागते. वॉर्डातल्या मावशी मदतीला नसतील तर लाँग केसची पहिली वीस मिनिटं त्यातच जातात. मणक्याचा टीबी, हाडवैद्याने कामट्या आवळून बांधल्यामुळे आखडलेला हात, वाकडं जुळलेलं कोपर हे आपल्याकडचं नेहमीचं.

कोपराचंच घ्या. क्युबिटस व्हेरसची (कोपराखाली हात आतल्या बाजूला वाकलेला) शॉर्ट केस मिळाली की परीक्षक विचारणार, जुनं निखळलेलं कोपर नाही कशावरून? कोपर काटकोनात वाकवून दोन्ही एपिकॉन्डाइल (कोपराच्या दोन बाजूंचे हाडाचे उंचवटे) आणि ओलेक्रेनॉनचं (कोपरामागच्या हाडाचं) टोक, अशा तीन ठिकाणी बोट ठेवायचं. त्रिकोण दुसऱ्या हातासारखाच भरला, तर सांधा जागेवर आहे, वाक त्याच्या वरचा आहे, म्हणजे जुनं सुप्राकॉन्डिलर (कोपराच्या जरा वरचं) फ्रॅक्चर. त्रिकोण बिघडला तर सांध्यावर संशय घ्यायचा. हे वाचायला एक मिनिट लागतं, पण लहान मुलाच्या हाडावर बोटाला ती जागा अचूक सापडायला कितीतरी कोपरं हाताखालून जावी लागतात. त्यासाठी संध्याकाळची राउंड संपल्यावर एकमेकांसमोर केस प्रेझेंट करा.

मणक्याच्या टीबीसाठी तर परदेशी साइटवर अजिबात विसंबू नका. आपल्याकडचे ऑर्थो सर्जन डॉ. एस. एम. तुली यांची 'मिडल पाथ' भूमिका नीट समजून घ्या: आधी औषधं आणि विश्रांती, आणि पायातली ताकद परत येत नसेल किंवा ढासळत असेल अशा निवडक पेशंटना ऑपरेशन. व्हायवात (तोंडी परीक्षेत) त्यावर चर्चा रंगते, आणि इथे ती हवीच, कारण असे पेशंट आपल्यासमोर झोपलेले असतात.

एओ ही 1958 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सर्जननी सुरू केलेली संस्था. त्यांच्या साइटवर सांगाड्याचं चित्र येतं. हाड निवडा, त्याचा भाग निवडा, फ्रॅक्चरचा प्रकार निवडा, की उपचाराचे पर्याय आणि त्यांच्या पायऱ्या चित्रांसकट मिळतात. उद्या सकाळी डिस्टल रेडियसला (मनगटाजवळच्या हाडाला) व्होलर (तळहाताच्या बाजूची) प्लेट लावायची असेल तर आदल्या रात्री एवढं पाहून जा: एफसीआर या मनगटाच्या टेंडनच्या कडेने आत कसं शिरायचं, रेडियल धमनी कशी राखायची, प्रोनेटर क्वाड्रेटस हा स्नायू कुठल्या कडेने उचलायचा. असिस्ट करताना पुढची पायरी आधीच ठाऊक असली, की सर आपणहून ड्रिल हातात देतात. एक उणीव आहे. भर ताज्या फ्रॅक्चरवर आहे. तीन-चार महिन्यांनी आलेल्या, न जुळलेल्या हाडाबद्दल तिथे फारसं हाती लागत नाही. त्यासाठी कॅम्पबेल हा ऑपरेशनांचा ग्रंथ उघडा. चारही खंड विकत घ्यायची गरज नाही, लायब्ररीत बसून ऑपरेशनपुरता वाचा.

प्रश्नसंच घ्यायचाच असेल तर शेवटच्या वर्षी घ्या. पैसे डॉलरमध्ये जातात आणि मुदत घेतल्या दिवसापासून मोजली जाते. इमर्जन्सीच्या पहिल्या वर्षात तो उघडायलाही सवड मिळत नाही.