देकारपत्रावर अर्ज क्रमांक नव्हता

जानेवारी ते ऑगस्ट 2023 या आठ महिन्यांत आम्ही म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, घरासाठी एका मध्यस्थाला 4,85,000 रुपये दिले. घर मिळाले नाही, आणि आजवर त्यातील केवळ 60,000 रुपये परत आले आहेत. हे लिहावे की नाही, याचा मी दोन वर्षे विचार करत होते. मात्र मी ज्या शाळेत लिपिक म्हणून काम करते, तेथील शिपाई मावशींनी गेल्या महिन्यात, आम्हाला मिळाले होते तसेच घर देऊ करणारे एक देकारपत्र विश्वासाने माझ्या टेबलावर वाचायला ठेवले आणि संकोच बाजूला ठेवणे भाग पडले.

आम्ही कळव्याला भाड्याने राहतो. दर 11 महिन्यांनी करार संपतो, मालक भाडे वाढवतो किंवा खोली रिकामी करायला सांगतो, आणि नऊ वर्षांत आम्ही चार घरे बदलली आहेत. माझे आणि पतींचे उत्पन्न मिळून वर्षाला साडेचार लाखांच्या आत आहे. 2022 मध्ये बदललेल्या मर्यादेनुसार मुंबई महानगर प्रदेशात वार्षिक सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब अत्यल्प उत्पन्न गटात मोडते, म्हणजे ही योजना आमच्यासारख्यांसाठीच आहे. आम्ही तीनदा रीतसर अर्जही केले होते. म्हाडाच्या कोकण मंडळाच्या ऑक्टोबर 2021 च्या सोडतीत 8,984 घरे होती आणि अर्ज दोन लाखांहून अधिक. त्या यादीतही आमचे नाव आले नाही, तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलू लागला, की ओळखीशिवाय तिथे काही होत नाही. हळूहळू आम्हालाही ते पटले. आज मागे वळून पाहताना वाटते, की आमचे पैसे त्या माणसाच्या हाती नंतर गेले. त्याआधी आमची ही समजूत त्याच्या हाती गेली होती.

2022 च्या दिवाळीनंतर एका साखरपुड्यात पतींच्या जुन्या सहकाऱ्याने आपल्या मेहुण्याची ओळख करून दिली. पन्नाशीचा, मृदू बोलणारा गृहस्थ. मला तो पहिल्या भेटीपासून वहिनी म्हणत असे. त्याने स्वतःहून काहीही विकले नाही. आम्हीच विषय काढला आणि आम्हीच त्याचा फोन नंबर मागून घेतला. त्याचे म्हणणे असे होते, की सोडतीतले अनेक विजेते कागदपत्रांत अपात्र ठरतात, काहींना कर्ज मिळत नाही म्हणून ते घर परत करतात, आणि अशी घरे पडून असतात. 'साहेबांच्या' सहीने ती थेट देता येतात. यातला पहिला भाग खरा आहे, म्हणूनच दुसरा भाग गळी उतरतो. विजेते घर परत करतात हे खरे आहे. विरार-बोळींजसारख्या ठिकाणी घरे शिल्लक राहिली आणि कोकण मंडळाने ती 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' या पद्धतीने विकायला काढली, हेही खरे आहे. परंतु त्या पद्धतीतही जाहिरात निघते, अर्ज अर्जदाराने स्वतः ऑनलाइन करायचा असतो आणि पैसे म्हाडाच्या प्रणालीतूनच भरायचे असतात. आरक्षित प्रवर्गातील घरांचेही तेच आहे. सोडतीचे घर सही करून हातात देणारा साहेब या व्यवस्थेत कोठेच नसतो, आणि घरे विकण्यासाठी आपण कोणताही एजंट नेमलेला नाही, हे म्हाडा प्रत्येक सोडतीच्या वेळी जाहीरपणे सांगते. ती सूचना मी वर्तमानपत्रात वाचली होती. हा माणूस एजंट नाही, ओळखीचा आहे, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली.

जानेवारीत त्याने आम्हाला विरारच्या बाजूच्या एका मोठ्या वसाहतीत नेले. पहारेकऱ्याने त्याला नमस्कार केला आणि त्याने खिशातून किल्ली काढून वरच्या मजल्यावरील एक रिकामी सदनिका उघडली. आत कोऱ्या रंगाचा वास होता. पतींनी खिशातल्या टेपने स्वयंपाकाचा ओटा मोजला. सासूबाईंनी देवघर कोणत्या भिंतीला येईल ते ठरवले. आमच्या मुलीने खिडकीच्या काचेवरील धुळीत बोटाने आपले नाव लिहिले आणि निघताना ते पुसू नका म्हणून मला बजावले. त्या सदनिकेची किल्ली त्याच्याकडे कशी आली, हे एकानेही विचारले नाही. त्याच संध्याकाळी आम्ही 50,000 रुपये रोख दिले.

पुढचे पैसे जमवताना घरात जे होते ते सगळे निघाले. माझे मंगळसूत्र आणि सासूबाईंच्या पाटल्या तारण ठेवून 1,75,000, पतींच्या भविष्यनिर्वाह निधीतून 1,60,000 आणि पतसंस्थेचे कर्ज 1,00,000. यातील काही रक्कम रोख गेली आणि काही त्याने दिलेल्या बँक खात्यात. ते खाते भलत्याच कोणाच्या तरी नावावर होते. साहेबांच्या भाच्याचे आहे, असे तो म्हणाला. सरकारी घराचे पैसे खाजगी व्यक्तीच्या बचत खात्यात का भरायचे, हा प्रश्न शाळेच्या फीचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाला पडायला हवा होता. मला तो पडलाही होता, आणि मी तो मनातच दाबला.

त्याच सुमारास म्हाडाने सोडतीची प्रणाली बदलली. 2023 पासून आधार, पॅन, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा पुरावा अशी कागदपत्रे सोडतीपूर्वीच तपासली जाऊ लागली. या बदलाचा त्याने पुरेपूर उपयोग केला. आता नियमाप्रमाणे कागद आधीच द्यावे लागतात, असे सांगून त्याने आम्हा दोघांचे सगळे कागद सह्यांनिशी नेले. त्या प्रतींचे पुढे काय झाले, ही काळजी मला आजही आहे. आता मी कोणालाही आधारची प्रत देताना ती कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली, हे प्रतीवरच आडवे लिहून देते.

मार्चमध्ये 'तात्पुरते देकारपत्र' आले. मी रोज शासकीय पत्रे हाताळते, त्यामुळे मी ते बारकाईने वाचले, आणि नेमके त्यामुळेच माझा विश्वास बसला. बोधचिन्ह होते, जावक क्रमांक होता, विषय आणि संदर्भ होते, गोल शिक्का होता, सहीखाली पदनाम होते. किंमत 16 लाख आणि त्यातील 25 टक्के तातडीने भरण्याची सूचना होती. त्या पत्रावर अर्ज क्रमांक नव्हता. असणार तरी कसा, आम्ही त्या योजनेत अर्ज केलाच नव्हता. म्हाडाचे खरे देकारपत्र विजेत्या अर्जदाराला मिळते. ज्याने अर्ज केला नाही, त्याच्या नावाने ते निघूच शकत नाही. एवढी साधी गोष्ट शिक्क्यांच्या गर्दीत मला दिसली नाही.

यापेक्षा अधिक सल ज्याची आहे, ते आता सांगते. त्याच वर्षी मुंबई मंडळाने 4,082 घरांची सोडत जाहीर केली. त्यातील अडीच हजारांहून अधिक घरे अत्यल्प गटासाठी होती, त्या गटाची अनामत रक्कम 25,000 रुपये होती, आणि घर न लागल्यास ती परत मिळणार होती. आम्ही अर्ज केला नाही. अर्ज केला तर तुमचे नाव संगणकात दुसरीकडे अडकेल आणि इकडचे घर जाईल, असे त्याने सांगितले होते. 14 ऑगस्ट 2023 रोजी ती सोडत निघाली. नाव लागले असतेच असे मी म्हणत नाही. पण आमची ती चिठ्ठी त्या माणसाने टाकूच दिली नाही.

पैशांची पावती मागितली, तेव्हा त्याने 500 रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीसमोर एक कागद करून दिला. त्यात घराचा उल्लेख कोठेही नव्हता. सदर रक्कम आपण 'हातउसने' घेतली असून ती ठरल्या मुदतीत परत करू, एवढेच त्यात लिहिले होते. सरकारी घराचे नाव अशा कागदावर घालता येत नाही, तुमचेच काम बिघडेल, हे त्याचे स्पष्टीकरण. सोबत पूर्ण रकमेचा 30 सप्टेंबर 2023 या तारखेचा धनादेशही दिला. आम्हाला वाटले, यापेक्षा भक्कम हमी ती कोणती? प्रत्यक्षात हा कागद आमच्यासाठी नव्हताच, तो त्याच्या बचावासाठी होता. उद्या तक्रार झाली तर त्याने म्हणावे, की फसवणूक कसली, मी तर उसने घेतले होते.

गणपतीत किल्ली मिळणार होती. ती दसऱ्यावर गेली, मग दिवाळीवर. धनादेश भरू का असे विचारले, की तो आठ दिवस थांबा म्हणे. असे आठ-आठ दिवस करत डिसेंबर उलटला. धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरावा लागतो. तो न वटता परत आला, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस मिळूनही 15 दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढील एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 चा हा मार्ग आमच्या हातात होता. त्याच्या गोड बोलण्यात आम्ही त्याची मुदत घालवली.

जानेवारी 2024 मध्ये मी शाळेतून रजा घेऊन वांद्रे पूर्वेच्या गृहनिर्माण भवनात एकटीच गेले. खिडकीवरील कर्मचाऱ्याने पत्र हातात घेतले, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि विचारले, "ताई, यात अर्ज क्रमांक कुठे आहे?" मी गप्प राहिले. त्याने पत्र परत दिले आणि हलक्या आवाजात सांगितले, की हे आमचे पत्र नाही, तुम्ही पोलिसांत जा. परतीच्या गाडीत मी कळवा स्थानक ओलांडून थेट डोंबिवलीपर्यंत गेले, तरी मला भान नव्हते.

पोलिसांत जायला आम्ही त्यानंतरही दोन महिने लावले. याचे कारण स्पष्ट लिहिते. आम्ही मागच्या दाराने घर घ्यायला निघालो होतो, कोणाच्या तरी रांगेत पुढे घुसायला निघालो होतो, आणि ते चारचौघांत सांगावे लागेल याची आम्हाला लाज वाटत होती. हे लोक याच लाजेवर जगतात. सगळा व्यवहार गुपचूप, अर्धा रोखीत, 'कोणाला सांगू नका' या अटीवर होतो, त्यामुळे फसलेल्यालाच आपण गुन्हेगार आहोत असे वाटू लागते. आम्ही गप्प होतो त्या दोन महिन्यांत त्याने आणखी दोन कुटुंबांकडून पैसे घेतले, हे नंतर तपासात कळले. याची बोच माझ्या मनातून जात नाही.

तक्रार द्यायला गेलो, तेव्हा अपेक्षेप्रमाणे तो हातउसने कागद आडवा आला. हा पैशांच्या देवाणघेवाणीचा वाद दिसतो, दिवाणी न्यायालयात जा, असे आधी सांगण्यात आले. ओळखीच्या एका वकील बाईंनी मार्ग दाखवला. त्यांनी सांगितले, की उसनवारीचा कागद मागे ठेवा आणि देकारपत्र पुढे करा. सरकारी संस्थेच्या नावाने बनावट पत्र तयार करणे आणि ते वापरणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला उसनवारीचा वाद म्हणता येत नाही. त्याप्रमाणे घटनाक्रम तारखांसह लिहिला, बँकेचे उतारे आणि फोनवरील संदेशांच्या प्रती जोडल्या, आणि मार्च 2024 मध्ये फसवणूक व बनावट दस्तऐवज या दोन्हींसाठी गुन्हा नोंदला गेला. आमच्यासारखी एकूण 11 कुटुंबे निघाली. सगळ्यांच्या पत्रावर जावक क्रमांक एकच होता. जी रक्कम खात्यातून गेली होती तिचा माग लागला, रोख दिलेल्या पैशांचा कोणताही पुरावा उभा राहिला नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील, तर सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर त्याच दिवशी कळवल्यास ते पुढे सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता असते. आम्ही कळवले, तेव्हा त्या खात्यात काही शिल्लक नव्हते.

त्यानंतर आम्ही एकदा स्वतः अर्ज केला आहे. अर्जाचे शुल्क तेव्हा वस्तू व सेवा करासह 590 रुपये होते, तेवढेच परत मिळत नाही. संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट गव्ह डॉट इन' असा संपतो ना, हे तपासून आम्ही दोघांनी फोनवरच अर्ज भरला. घर लागले नाही, अनामत रक्कम मात्र ज्या खात्यातून गेली त्याच खात्यात परत आली. सासूबाईंच्या पाटल्या अजून बँकेत आहेत.

मावशींनी आणलेल्या पत्रावर शिक्का निराळा होता, मध्यस्थही निराळा होता. पण किंमत बाजारभावाच्या निम्मी होती, कागद हातउसन्याचा होता, आणि अर्ज क्रमांकाची जागा कोरी होती. त्यांनी गावची जमीन गहाण ठेवून 70,000 रुपये दिले होते, आणि आणखी दीड लाख याच महिन्याच्या 15 तारखेला द्यायचे होते. मी त्यांना माझे पत्र दाखवले, आणि दोन्ही पत्रे शेजारी ठेवून आम्ही बराच वेळ बसलो. "बाई, पण खोली तर मी डोळ्यांनी बघितली," असे त्या दोनदा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात गेले. त्यांचा जबाब लिहून व्हायला तीन तास लागले, त्यांनी अंगठा न उमटवता सही केली, आणि 15 तारखेचे पैसे त्यांनी दिले नाहीत.