सांगलीतलं जुनं घर विकायला एजंट नेमला, त्याचा अनुभव

वडील गेल्यावर गावभागातलं आमचं घर बंदच होतं. आई माझ्याकडे पुण्यात, भाऊ बंगळुरात. घर विकायचं ठरल्यावर सगळ्यांनी सांगितलं, एजंटला दोन टक्के कशाला देता, फेसबुकवर टाका, गिऱ्हाईक आपोआप येईल. आम्ही तरीही एजंट नेमला. व्यवहार पूर्ण होऊन काही महिने झालेत आणि दिलेल्या दोन टक्क्यांचं मला जराही वाईट वाटत नाही.

आधी मूळ मुद्दा. आपल्याकडे बरेच एजंट घेणाऱ्याकडूनही कमिशन घेतात आणि विकणाऱ्याकडूनही. अशा माणसाला व्यवहार लवकर उरकण्यात रस असतो, भाव आपल्याला परवडतो की नाही याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. सुरुवातीला भेटलेल्या एका एजंटला कमिशनचं विचारलं तर "पार्टीकडचं (म्हणजे घेणाऱ्याकडचं) मी बघून घेतो" एवढंच सांगितलं, तिथेच आम्ही उठलो. ज्यांना काम दिलं त्यांनी साध्या कागदावर लिहून दिलं की कमिशन फक्त तुमच्याकडून घेईन, अर्धं साठेखताला (विक्रीचा आधीचा करार), अर्धं खरेदीखताला (मालकी देणारा अंतिम दस्त). महारेराचा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांकही त्यांनी न मागता दिला. ती नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी बंधनकारक असते, आमच्या जुन्या घराला तिची गरज नव्हती, पण संकेतस्थळावर नाव तपासता आलं आणि आईचा जीव भांड्यात पडला.

घर दाखवण्याआधी त्यांनी मिळकत पत्रिका (घराच्या मालकीची सरकारी नोंद) मागितली. तिच्यावर अजून वडिलांचंच नाव होतं. नातेवाइकांचा सल्ला होता की आईने आणि मी हक्कसोड करून आपापला हिस्सा भावाला द्यावा, म्हणजे तो एकटा विकेल. एजंट म्हणाले, "ताई, कशाला वाकडा रस्ता? आई, तुम्ही, दादा, तिघांची वारस नोंद करा, तिघंही सही करा." नगर भूमापन कार्यालयातलं ते काम होईपर्यंत त्यांनी एकही गिऱ्हाईक आणलं नाही. तेव्हा मला घाई झाली होती. पण पुढे खरेदीदाराच्या वकिलाने सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) काढला, जाहीर नोटीस दिली, तेव्हा कुणाचीही हरकत आली नाही आणि साठेखताची तारीख एकदाही पुढे गेली नाही.

आता पुराचं. गावभागात घर बघायला येणारा पहिला प्रश्न हाच विचारतो. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या बैठकीच्या खोलीत विजेच्या बोर्डाच्या खालपर्यंत मातकट रेघ उमटलेली होती. रंग देऊन टाकावा असं भावाचं म्हणणं. एजंटनी त्या रेघेला हात लावू दिला नाही. "शेजारचं पोरगंसुद्धा सांगेल पाणी कुठवर आलं होतं. विसार घेतल्यावर गिऱ्हाइकाला कळलं, तर तो भाव पाडेल आणि आपल्याला बोलायला तोंड राहणार नाही." येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी ती रेघ दाखवायचे, मग माडी. काही जण तिथूनच परत गेले. जे थांबले त्यांनी बोलणीत पुराचा विषय पुन्हा काढला नाही, कारण सांगितलेला भाव पाणी धरूनच होता. विकणाऱ्याचा एजंट म्हणजे घराची झाकपाक करणारा, असा समज असेल तर तो इथे सोडून द्यावा.

भाव ठरवण्याची त्यांची पद्धतही मला पटली. आमच्या नात्यात प्रत्येकाच्या तोंडी वेगळा आकडा होता. त्यांनी आसपासच्या विक्रीचे सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, त्यात विक्रीची रक्कम असते) नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून काढून टेबलावर ठेवले. त्यातले काही आकडे कमी का दिसतात, कुठे रोखीचा भाग बाहेर राहिला असावा, हेही समजावलं. एका खरेदीदाराने बैठकीत "सरकारी भाव एवढाच आहे" म्हणून रेडीरेकनर (सरकारी दरांचा तक्ता) पुढे केला, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की तो तक्ता मुद्रांक शुल्कासाठी आहे, घर विकणाऱ्याने तोच दर घ्यावा असं कुठेही नाही. त्याच माणसाने पुढे काही रक्कम रोख देऊ का विचारलं. घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही आणि घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसू शकतो, हे त्यांनी आईला आधीच सांगून ठेवलं होतं. आईनेच उत्तर दिलं, "सगळे बँकेतून द्या."

तक्रारीही आहेत. मोबाइलवर काढलेले फोटो इतके अंधारे होते की शेवटी भाचा जाऊन नवे काढून आला. दुपारी फोन उचलत नाहीत. त्यांच्याकडच्या मुलाने घर दाखवून मागची खिडकी उघडीच ठेवली आणि पावसाने माडीवरचं कपाट फुगलं. याबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, पण भरपाईचं नाव काढलं नाही. आयकराचा प्रश्न विचारला की उत्तर गोलगोल यायचं. घराच्या नफ्यावरचा कर आणि दुसरं घर घेतल्यास मिळणारी सूट यासाठी सीए गाठावाच लागला, आणि तो साठेखताआधी गाठावा.

मिरजेत मावशीचा फ्लॅट विकायचा आहे. तिला मी यांचाच नंबर दिलाय. फोटो मात्र आपले आपण काढ, आणि किल्ली कुणाकडे राहील तेही त्याच कागदावर लिहून घे, असं सांगितलंय.